लसींचं पुस्तक बघितलं, आता कुत्रं बघा

"सगळी इंजेक्शनं झालीत ना?" मोठं कुत्रं घरी आणायला निघालेला माणूस हा प्रश्न हमखास विचारतो. समोरचा "हो तर" म्हणतो आणि लसींचं पुस्तक पुढे करतो. पानं उलटली जातात, रंगीत स्टिकर दिसतात, डॉक्टरांचा शिक्का दिसतो आणि तब्येतीचा विषय तिथेच मिटतो. पुढचं सगळं बोलणं मग ते काय खातं आणि फटाक्यांना घाबरतं का, यावर. मला वाईट वाटतं ते याचंच. त्या पुस्तकातून एवढंच कळतं की अमुक तारखेला अमुक लस टोचली. किडन्या कशा आहेत, रक्तात काही दडून बसलंय का, मागचे पाय दुखतात का, यातलं एक अक्षरही त्यात नसतं.

मी पुण्यात कर्वेनगरला राहते. माणसांच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे दिवसभर रक्त, लघवी आणि काचपट्ट्या. घरात लहानपणापासून कुत्री. त्यामुळे ओळखीत कुणी मोठं कुत्रं घ्यायचं ठरवलं की "ताई, तुम्ही चला ना बघायला" असा फोन येतो, आणि मी जाते. मी पशुवैद्य नाही; निदान डॉक्टरांनीच करायचं. पण काय बघावं, काय विचारावं आणि कुठल्या तपासणीचा आग्रह धरावा, हे बघून बघून पक्कं झालंय.

मोठं कुत्रं घेणाऱ्यांचं मला फार कौतुक वाटतं. पुण्यात अशी कुत्री कायम घर शोधत असतात. कुणाला जर्मनीत नोकरी लागते, कुणाचं बिऱ्हाड बंगळुरूला हलतं, कुठे आजी-आजोबांना झेपेनासं होतं. रस्त्यावरून उचलून बरी केलेली इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री तर किती असतात, पण पिल्लांच्या फोटोंपुढे त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. खरं तर वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याचा आकार, स्वभाव, सवयी सगळं समोर दिसतं. पार्वो आणि डिस्टेंपर या पिल्लांच्या जीवघेण्या आजारांचा सगळ्यांत धोक्याचा काळ त्यानं मागे टाकलेला असतो. मात्र मागच्या आयुष्यातलं काही ना काही ते अंगावर घेऊन येतं, आणि ते काय आहे हे घरी आणण्याआधी कळलेलं बरं.

पुस्तक बघायचंच, पण नीट बघायचं. लसीच्या बाटलीवरचं स्टिकर हवं, त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. शेजारी हातानं लिहिलेली तारीख, डॉक्टरांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा. रेबीजची आणि लेप्टोची लस आपल्याकडे दर वर्षी देतात. उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून येतो, त्यामुळे पुण्यात ती लस टाळण्यासारखी नाही. पुष्कळ पुस्तकांत पिल्लूपणीची तीन-चार स्टिकर असतात आणि पुढे कोरी पानं. तसं असेल तर लसी नव्यानं घ्यायच्या, एवढंच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता कुत्र्याकडे. ते जिथे राहतं तिथे जाऊन बघावं, आणि सकाळी जावं. आधीच फोन करून सांगावं, "आंघोळ घालू नका, फिरवून आणू नका, झोपलं असेल तर झोपू द्या." मला ते झोपेतून उठताना बघायचं असतं. फिरून आलेलं, पाहुण्यांना बघून हरखलेलं कुत्रं दुखणं विसरतं. झोपेतून उठणाऱ्या कुत्र्याला ते लपवता येत नाही.

माझ्या नणंदेसाठी आम्ही वाकडला एक लॅब्रेडॉर बघायला गेलो होतो. सात वर्षांचा नर, पिवळा, डोळे इतके प्रेमळ की नणंद दारातच त्याची झाली. "आळशी आहे हो फार, दिवसभर पडून असतो," तिथले काका हसून म्हणाले. तो उठायला लागला तेव्हा आधी पुढचे दोन पाय टेकले, मग सगळं वजन खांद्यांवर घेऊन मागचा भाग ओढून वर आणला. गुळगुळीत टाइल्सवर मागचे पाय फाकले, घसरले, पुन्हा जमले. बसला तेव्हा एक मांडी बाहेर काढून, एका कुल्ल्यावर. मी दोन्ही हातांनी त्याचे खांदे चाचपले आणि मग मांड्या. खांदे भरलेले, मांड्या मात्र उतरलेल्या. खाली पार्किंगच्या चढावर त्याला जरा पळवलं तर मागचे दोन्ही पाय जोडीनं उचलून उड्या मारत होता. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा हिप डिस्प्लेशिया नावाचा दोष पुष्कळ आढळतो. त्यात खोबणी उथळ असते, सांधा नीट बसत नाही आणि वय वाढलं की झिजतो. काका खोटं बोलत नव्हते. रोज बघणाऱ्याला हा बदल दिसतच नाही, इतका तो सावकाश होतो.

डॉक्टरांनी हलकी गुंगी देऊन एक्स-रे काढला. दोन्ही खुबे झिजलेले निघाले. नणंदेचं घर डहाणूकर कॉलनीत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. तीस-पस्तीस किलोचं जनावर रोज चार वेळा जिन्यानं उतरवायचं-चढवायचं म्हणजे त्याचेच हाल. ती रडली, पण नाही म्हणाली. तिच्या ऑफिसमधल्या एका मैत्रिणीचं वारज्यात तळमजल्याचं घर होतं, अंगण होतं, तिनं त्याला नेलं. टाइल्सवर सतरंज्या पसरल्या, खाणं मोजून द्यायला लागली, लिव्हर-किडनीचे रिपोर्ट बघून डॉक्टरांनी दुखण्यावरची गोळी सुरू केली. वजन उतरलं तसा तो स्वतःहून फाटकापर्यंत जायला लागला. आधी एक्स-रे झाला नसता तर तो डहाणूकरच्या जिन्यात अडकला असता.

हातानं तपासणं हे काही फार अवघड काम नाही, फक्त कुत्र्याची परवानगी असावी आणि मालक शेजारी बसलेला असावा. ओठ वर उचलून हिरडी बघायची. गुलाबी आणि ओलसर हवी. अंगठ्यानं दाबून सोडली की पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. आपल्या इंडी कुत्र्यांच्या हिरड्या पुष्कळदा काळ्या असतात, तिथे हे कळत नाही. मग खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघावा. फिकट असेल तर रक्त कमी आहे. पिवळट असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. हिरड्यांवर किंवा पोटाच्या केस नसलेल्या कातडीवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसले तर ते विसरू नका, त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

दातांवरून वय सांगणारे फार भेटतात. सहा-सात महिन्यांत पक्के दात येतात, तिथपर्यंत वय बऱ्यापैकी कळतं. त्यानंतर किटण आणि झीज बघून केलेला तो अंदाजच. दगड चघळणाऱ्या तीन वर्षांच्या कुत्र्याचे दात आठ वर्षांच्यासारखे दिसू शकतात. दातांवर खड्डे पडलेले, वरचं आवरण नीट न आलेलं दिसलं, तर लहानपणी डिस्टेंपर होऊन गेल्याची ती खूण असू शकते. अशा कुत्र्याच्या जबड्याची किंवा एखाद्या पायाची सारखी थडथड होते का ते बघावं, आणि फिट येतात का हे मालकांना स्पष्ट विचारावं. त्या उत्तराची आणखीही गरज असते: गोचिडांवरच्या हल्लीच्या काही गोळ्या फिट येणाऱ्या कुत्र्याला देताना डॉक्टरांना विचार करावा लागतो.

कान हुंगावेत. वास मारत असेल, आत काळपट भुकटी असेल, कुत्रं सारखं डोकं झटकत असेल तर उपचार हवेत, पण ते होण्यासारखे असतात. कानाच्या पाळीची कड बोटांत धरून चोळली आणि मागचा पाय आपोआप खाजवायला लागला तर खरजेची शंका घ्यावी. ती माणसालाही लागते. जबड्याखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या गुडघ्यामागे गाठी चाचपाव्यात. दोन्ही बाजूंच्या एकदम सुजलेल्या असतील तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवाव्यात. मादी असेल तर स्तनांची सगळी रांग बोटांनी बघावी. हरभऱ्याएवढी गाठही सांगावी. डोळ्यांत निळसर झाक दिसली की लोक मोतीबिंदू समजून घाबरतात. सात-आठ वर्षांनंतर भिंग दाट होऊन तशी झाक येतेच आणि नजर बऱ्यापैकी शाबूत असते. मोतीबिंदू पांढरा दिसतो. नाक कोरडं म्हणजे ताप, हेही खरं नाही. थर्मामीटर लावावा, कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइटच्या आसपास असतं.

फासळ्या हाताला लागाव्यात, डोळ्यांना खुपू नयेत. कारवान किंवा पश्मी मात्र याला अपवाद. सांगली-सोलापूरकडून आलेली ही शिकारी कुत्री मुळातच सडपातळ, त्यांच्या फासळ्या आणि कमरेची हाडं निरोगी असतानाही दिसतात. त्यांना लॅब्रेडॉरच्या मापानं मोजून "उपाशी ठेवलंय" म्हणू नये.

धायरीला एका कुटुंबानं रस्त्यावरची एक मादी तात्पुरती सांभाळायला घेतली होती. तांबूस रंगाची, चारेक वर्षांची, नाव राणी. माझ्या लॅबमधल्या एका मुलीला ती हवी होती. पुस्तक चोख, स्टिकर सगळी, वागायला गरीब. तिच्या मागच्या बाजूला रक्ताचे डाग दिसले. "माजावर आलीय, होईल आठ-दहा दिवसांत बंद," तिथल्या ताई म्हणाल्या. मी राणीचं डोकं कुरवाळत होते आणि बोटाला कानाच्या टोकाशी खाच लागली. सरळ, जुनी, भरून आलेली खाच.

ती खाच नसबंदीची असते. महापालिकेच्या आणि संस्थांच्या मोहिमेत ऑपरेशन झालेल्या भटक्या कुत्र्यांच्या कानाला तशी खूण करतात, म्हणजे त्यांना पुन्हा पकडून टेबलावर घेतलं जात नाही. गर्भाशय आणि बीजकोश काढलेली मादी माजावर येत नाही. मग रक्त कशाचं? मी ताईंना तेवढंच विचारलं. त्यांनी राणीला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं.

आत गाठ होती, फुलकोबीसारखी, हात लावला की रक्त येणारी. डॉक्टरांनी तिच्यावर काचपट्टी टेकवली, रंगवली आणि मी तिथेच आहे म्हटल्यावर मलाही सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. गोल गोल पेशी, आणि प्रत्येकीच्या निळसर भागात स्वच्छ पांढऱ्या पोकळ्या, ओळीनं. तो टीव्हीटी होता. एका कुत्र्याकडून दुसऱ्याकडे समागमातून, क्वचित हुंगण्या-चाटण्यातून, जिवंत पेशींसकट पसरणारा कर्करोग. आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत तो नवलाचा नाही. कर्करोग म्हटल्यावर माझ्या लॅबमधली मुलगी पांढरी पडली. पण या रोगाचं एक फार चांगलं आहे: व्हिंक्रिस्टीन नावाच्या औषधाला तो सहसा छान दाद देतो. आठवड्याला एक इंजेक्शन, बहुतेकांना चार ते सहा पुरतात. दर इंजेक्शनाआधी रक्त तपासायचं, कारण पांढऱ्या पेशी खाली येतात. औषध शिरेतच जायला हवं, बाहेर झिरपलं तर तिथलं मांस जळतं. म्हणून ते अनुभवी हातांनीच द्यायचं. त्या दिवसांत लघवी पुसताना हातमोजे घालायचे. राणीची इंजेक्शनं धायरीतच राहून झाली, गाठ पूर्ण गेली आणि मग ती त्या मुलीकडे आली. "माजावर आलीय" यावर विश्वास ठेवून आठ-दहा दिवस थांबले असते तर गाठ वाढत राहिली असती.

ज्या मादीची नसबंदी झालेली नाही तिची चौकशी वेगळी. शेवटचा माज कधी झाला ते विचारा. त्यानंतर महिना-दोन महिन्यांत पाणी फार प्यायला लागली, सुस्त झाली, खाणं कमी झालं तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो. बाहेर काहीच येत नाही आणि आत पिशवी भरलेली, असंही होतं. ते तातडीचं ऑपरेशन असतं.

आता माझ्या स्वतःच्या कामाचं. पुण्यात मोठं कुत्रं घेताना एकच तपासणी परवडणार असेल तर मी म्हणेन रक्ताची सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आणि सोबत काचपट्टी माणसानं डोळ्यांनी बघितलेली. कारण गोचीड. टेकडीवर फिरवलं म्हणून गोचिडी लागल्या, असं सगळे म्हणतात; वेताळ टेकडीच्या नावावर सगळी गोचीड जमा होते. पण आपल्या कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घराजवळच नांदते. भिंतीच्या भेगा, दरवाजाच्या चौकटी, जिन्याखालची अडगळ, कुत्र्याच्या गादीची शिवण अशा जागी ती लपते. एक मादी हजारो अंडी घालते. घराबाहेर कधीच न फिरवलेल्या पॉमेरेनियनलाही ती गाठते.

तिच्या चावण्यातून एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तात राहणारे जंतू शरीरात जातात. त्यांच्या आजारांनाच आपण सरसकट टिक फीव्हर म्हणतो. बबेसिया तांबड्या पेशीत शिरतो आणि पेशी फोडतो. मलेरियाच्या काचपट्ट्या बघण्यात माझी वर्षं गेली आहेत. पहिल्यांदा बबेसियाची पट्टी बघितली तेव्हा तांबड्या पेशीतली ती बारीक कडी बघून हात थांबला होता, इतकं साम्य. कानाच्या टोकातून टोचून घेतलेल्या थेंबात तो सापडण्याची शक्यता जास्त असते, म्हणून डॉक्टर कधी कधी तिथून रक्त घेतात. एर्लिकिया पांढऱ्या पेशीत राहतो आणि पट्टीवर क्वचितच दिसतो. त्याची चाहूल प्लेटलेट पडण्यातून लागते. हिरड्यांवरचे ते लाल ठिपके, नाकातून रक्त, ही त्याची लक्षणं.

वाईट म्हणजे एर्लिकिया महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं, गप्प बसतो. कुत्रं खातं, खेळतं, पुस्तकात सगळी स्टिकर असतात. घर बदलल्याच्या ताणात किंवा दुसऱ्या आजारात ते कोसळतं आणि नव्या माणसांना वाटतं आपल्याच घरी आल्यावर काहीतरी झालं. डॉक्सीसायक्लिन वेळेत आणि पूर्ण मुदत, साधारण चार आठवडे, दिलं तर बहुतेक कुत्री बरी होतात. दोन-चार दिवसांत ताप उतरला म्हणून गोळ्या थांबवल्या, असं किती घरांत होतं. म्हणून "टिक फीव्हर झाला होता का" एवढंच विचारून थांबू नका. औषध किती दिवस दिलं आणि नंतर प्लेटलेट पुन्हा मोजल्या का, तेही विचारा.

रिपोर्ट वाचताना दोन गोष्टी सांभाळा. कुत्र्याच्या रक्तात प्लेटलेटचे पुंजके होतात आणि मशीन त्यांना मोजत नाही, आकडा खोटा कमी येतो. म्हणून पट्टी बघितली पाहिजे. दुसरं, टिक फीव्हरची अँटिबॉडीची झटपट चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आज आजार आहेच असं नाही. पूर्वी होऊन गेला असेल तरी ती बरेच दिवस पॉझिटिव्ह राहते. बाकी रक्त नॉर्मल असेल तर पुढचं डॉक्टर ठरवतील, पण त्या एका रेघेवरून कुत्र्याला नाकारू नये. आणि कृपा करून कुत्र्याचं रक्त माणसांच्या लॅबमध्ये पाठवू नका. मी स्वतः अशा लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, आमच्या मशीनची मापं माणसांच्या पेशींसाठी बसवलेली असतात. कुत्र्याच्या तांबड्या पेशी त्याहून लहान असतात.

सहा-सात वर्षांपुढच्या कुत्र्याची किडनी तपासल्याशिवाय राहू नये. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, वाढलेलं दिसतं तोवर किडनीचं जवळजवळ तीन चतुर्थांश काम गेलेलं असतं. लघवी आधी बोलते. सकाळची पहिली लघवी घ्यायची. वरणाचा एक जुना, स्वच्छ धुतलेला डाव घेऊन मागे चालायचं आणि ते थांबलं की अलगद खाली धरायचा. बाटलीपेक्षा हे सोपं पडतं, कुत्रं बिचकत नाही. लॅबमध्ये तिचा दाटपणा मोजतात. सकाळची लघवी वारंवार पाण्यासारखी पातळ येत असेल तर क्रिएटिनिन नॉर्मल असूनही डॉक्टरांनी खोलात बघायला हवं. मालकांना विचारायचा प्रश्न असा: दिवसातून पाण्याचं भांडं किती वेळा भरता, आणि रात्री उठवतं का? "खूप पाणी पितो, चांगली सवय आहे," असं अभिमानानं सांगितलं जातं तेव्हा माझे कान टवकारतात.

पॉमेरेनियन, पग अशा लहान जातींत हृदय आणि श्वास बघावा. मालकांना कुत्रं गाढ झोपलेलं असतानाचा मिनिटभराचा व्हिडिओ मागावा आणि छाती किती वेळा वर येते ते मोजावं. मिनिटाला तीसच्या आत हवं. रात्री खोकतं का, गळपट्टा ओढला की ठसका लागतो का, हेही. आणि हल्ली कोणतं औषध चालू आहे ते नावानिशी विचारावं. खाजेवर स्टेरॉइडचं इंजेक्शन नुकतंच दिलेलं असेल तर कातडी काही दिवस छान दिसते, पाहणाऱ्याला खरी स्थिती कळत नाही.

तपासणीसाठी डॉक्टर आपण निवडावा आणि खर्च आपण द्यावा. देणाऱ्यावर तो बोजा टाकला की बोलणं अवघडतं. मात्र त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांशी त्यांच्या संमतीनं एक फोन करायचाच. पाच मिनिटांत कळतं ते कुठल्याही पुस्तकात नसतं. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर औंधला सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. गुंतागुंतीचं काही निघालं तर सातारा रस्त्यावर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कुणी तपासणीलाच नको म्हणालं, "विश्वास नाही का आमच्यावर" असं म्हणालं, तर मी नम्रपणे सांगते की विश्वास आहे, पण आमच्या डॉक्टरांना भेटल्याशिवाय न्यायचं नाही. अजून तरी ते ऐकून कुणी कायमचं दार लावलेलं नाही.

एवढं सगळं केल्यावर काही ना काही निघतंच. अगदी कोरा रिपोर्ट मोठ्या कुत्र्याचा क्वचित. नारायण पेठेतल्या एका निवृत्त शिक्षक जोडप्यानं नऊ वर्षांचा पॉमेरेनियन घेतला तो किडनी बिघडायला लागली आहे हे कळल्यावर. "आम्ही दोघं दिवसभर घरीच असतो. त्याला दर तीन महिन्यांनी डॉक्टरकडे नेणारं आमच्याहून चांगलं कोण मिळणार?" काकू म्हणाल्या. मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. त्यांनी पाण्याची भांडी दोन खोल्यांत ठेवली, किडनीचं खाणं सुरू केलं, रक्तदाब तपासून घेतला. दुखणं माहीत होतं म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं जागेवर होतं. तेच दुखणं महिन्याभरानं उलट्या सुरू झाल्यावर कळतं तर सलाइनपासून सुरुवात झाली असती.

घरात आधीचं कुत्रं असेल तर नव्याला दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवा आणि त्याआधी गोचिडांचं औषध द्या. बोटांच्या मधे, कानाच्या आत आणि गळपट्ट्याखाली रोज हात फिरवा. लसींचा कागद नसलेल्या कुत्र्याला रेबीजची लस लगेच. त्यातून घरातल्या कुणाला ओरखडा निघाला किंवा चावलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कुत्र्याच्या पुस्तकाच्या भरवशावर थांबायचं नाही. रेबीजचं प्रमाणपत्र जपून ठेवा, महापालिकेच्या परवान्यालाही ते लागतं. आणि निघताना मूळ मालकांकडून जुन्या रिपोर्टांची फाइल, डॉक्टरांचा नंबर आणि आठवडाभर पुरेल एवढं नेहमीचं खाणं मागून घ्या. पहिल्याच दिवशी खाणं बदललं की जुलाब होतात, आणि मग ते आजारानं झाले की बदलानं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.